बाथरूमचा नळ ठिबकतोय, स्वतः दुरुस्त करायचाय. कुठून सुरुवात करू?

सायली_कोथरूड

नमस्कार मंडळी,

आमची इमारत १९९४ची. आम्ही चौथ्या, म्हणजे सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो. बाथरूममधला बादलीवरचा नळ तीन आठवडे ठिबकतोय. आधी जरा घट्ट आवळला की थांबायचा, आता दोन्ही हातांनी आवळला तरी थेंब पडतोच. परवा रात्री १० वाजता खाली तपेलं ठेवलं आणि सकाळी ६ला मापून बघितलं, तर साडेतीन लिटर पाणी. म्हणजे दिवसाला दहा लिटर. मे महिन्यात आमची सोसायटी टँकर मागवते आणि इथे माझ्या घरातून रोज जवळजवळ बादलीभर पाणी मोरीत जातंय. मला ते ऐकूनही झोप लागत नाही.

प्लंबरला चारदा फोन केला. "ताई, एका वायसरसाठी येणं परवडत नाही, अजून दोन-चार कामं निघाली की सांगा," असं म्हणाला. त्याच्या बाजूने ते बरोबरही असेल, पण नळ काही थांबून राहत नाही.

बाबा होते तोवर असली सगळी कामं ते घरीच करायचे आणि मी टॉर्च धरून उभी असायचे. त्यांची अवजारांची पेटी माझ्याकडे आहे. त्यात एक मोठा पाईप पाना, एक स्क्रू पाना, पक्कड, पाईपचे जोड गळू नयेत म्हणून लावायच्या सफेद्याची वाळून दगड झालेली डबी आणि त्याच कामाचा तागाचा एक पुंजका आहे. पाना मात्र मी कधी हातात घेतलेला नाही. आता घ्यायचा आहे.

विचारायचं ते असं. वायसर बदलून भागेल की नळच बदलावा लागेल? बाथरूममधली पाणी बंद करायची चावी अजिबात फिरत नाही, तिचं काय करू? किचनच्या सिंकचं पाणीही हल्ली हळू उतरतं, त्याला घरच्या घरी काही करता येईल का? आणि कुठल्या कामाला हात लावू नये, तेही सांगा.

डोंबिवलीकर

सायलीताई, नळाला हात लावण्याआधी पाणी कुठे बंद होतं ते नक्की करा. बाकी सगळं नंतर.

जी चावी फिरत नाही तिच्यावर जोर करू नका. जुना गेट व्हॉल्व्ह, म्हणजे चाकाची चावी, असेल तर आतली दांडी झिजलेली असते. वरचं चाक फिरतं, पण आतला पडदा तुटून खालीच बसतो, आणि मग पाणी कायमचं बंद. माझ्याकडे २०१८ साली हेच झालं. रविवार संध्याकाळ, घरात पाहुणे आणि थेंबभर पाणी नाही.

तुम्ही वरच्या मजल्यावर आहात, ते एका अर्थी बरं आहे. गच्चीवरच्या टाकीतून खाली येणाऱ्या प्रत्येक लाईनला टाकीपाशी चावी असते. तुमच्या बाथरूमची लाईन कुठली ते वॉचमनला किंवा सेक्रेटरींना विचारा. ती बंद केली की खालच्या तिन्ही घरांच्या बाथरूमचं पाणी जाईल, म्हणून त्यांना आदल्या दिवशी सांगा आणि दुपारची वेळ धरा. किचनची लाईन बहुतेक वेळा वेगळी असते. ती चालू राहिली तर घरात निदान पाणी असतं.

आणखी एक. गावाला जाताना घराची मुख्य चावी बंद करून जा. आमच्या शेजारच्यांच्या बेसिनखालचा प्लास्टिकचा कनेक्शन पाईप गणपतीत फुटला, ते चार दिवस कोकणात होते. पाणी जिन्यावरून वाहायला लागलं तेव्हा कळलं. खालच्या घराचं छत आणि त्यांचं लाकडी कपाट दोन्ही गेलं.

अण्णा_नाशिक

मी कारखान्यात देखभाल विभागात ३४ वर्षं काढली, त्यातली बरीचशी पाईप आणि व्हॉल्व्ह यांच्यातच. डोंबिवलीकर म्हणतात ते अगदी खरं. आधी पाणी बंद, मग पाना.

नळ कुठल्या जातीचा आहे ते आधी ओळखा. बंद करायला तीन-चार फेरे फिरवावा लागत असेल, तर तो वायसरचा जुना नळ. पाव फेऱ्यात उघड-बंद होत असेल, तर आत सिरॅमिकच्या दोन चकत्या असतात, त्यात बदलायचा असा वायसर नसतो. तुम्ही "आवळला की थांबायचा" लिहिलंत, म्हणजे पहिल्या जातीचा.

गच्चीवरची चावी बंद करा, नळ उघडा आणि लाईनमधलं पाणी पूर्ण जाऊ द्या. मोरीच्या जाळीवर फडकं टाका, नाहीतर स्क्रू तिथेच जाणार. मुठीच्या डोक्यावरची लाल किंवा निळी टिकली नखाने उचला, खाली स्क्रू दिसेल. तो काढून मूठ वर ओढा. खाली सहा कोनांचा नट दिसेल, त्यालाच दांडीची मान म्हणतात. त्याच्यावर जुनं कापड गुंडाळा, म्हणजे पॉलिशला ओरखडे पडत नाहीत, आणि स्क्रू पान्याने उलटा फिरवा. दुसऱ्या हाताने नळाचं अंग घट्ट धरा, सगळा ताण भिंतीतल्या पाईपवर जाऊ देऊ नका. मान सुटली की दांडी हातात येते. तिच्या टोकाशी छोटा पितळी बुंधा आणि त्याला रबरी वायसर असतो. काही वेळा बुंधा आतच राहतो, तो चिमट्याने काढा.

आता त्या वायसरकडे नीट बघा. मधोमध गोल खाच पडलेली असेल. जितकी वर्षं आवळलं तितकी ती खोल. नवा वायसर टाका, पण त्याआधी एक काम करा. ते बरेच प्लंबरही घाईत करत नाहीत. नळाच्या आत बोट घालून वायसर जिथे टेकतो ती बैठक चाचपा. ती कड गुळगुळीत लागली पाहिजे. बोटाला कुठे टोचलं, खाच लागली, तर बैठकच कापली गेली आहे. नवा वायसर आठ दिवस टिकेल आणि नळ परत गळेल. मग नळच बदलायचा.

पाणी तोटीतून न येता मुठीच्या खालून झिरपत असेल, तर तो दोष वेगळा. मानेच्या वरचा छोटा नट पाव फेरा आवळा. नाहीच थांबलं तर दांडीभोवती पाणी अडवणारी ग्लँडची दोरी नवी भरायची.

हार्डवेअर_सांगली

आमचं सांगलीत नळ-पाईपचं दुकान आहे. दुकानदार म्हणून एकच विनंती, जुना भाग सोबत घेऊन या. "अर्धा इंची नळाचा वायसर द्या" म्हणून लोक येतात. वायसर दिसायला सगळे सारखे असतात, जाडी वेगवेगळी असते. पाव फेऱ्याच्या नळातल्या स्पिंडलचं, म्हणजे आतल्या दांडीचं, तर विचारू नका. लांबी वेगळी, वरचे दाते वेगळे, एका कंपनीचा दुसरीला बसेलच असं नाही. जुना स्पिंडल कागदात गुंडाळून आणलात तर दोन मिनिटांत जोडी जमते, नाहीतर तीन फेऱ्या होतात.

बाबांच्या पेटीतल्या सफेद्याबद्दल. सफेदा म्हणजे मुळात शिशाचा पांढरा रंग, जुन्या डब्यांत खरंच शिसं असायचं. ती डबी आता वापरू नका, पिण्याच्या पाण्याच्या लाईनवर तर अजिबात नको. त्याऐवजी आट्यांवर गुंडाळायची टेफ्लॉन टेप २०-३० रुपयांना मिळते. दोन घेऊन ठेवा.

बाकी खरेदी फार नाही. अर्धा इंची वायसर चार-सहा, टेप, एक तारेचा पितळी ब्रश, सिंकसाठी रबरी पंप. पाने तुमच्याकडे आहेतच. ऑनलाइन दिसणारा चाळीस अवजारांचा संच घेऊ नका, त्यातली पस्तीस तुम्ही कधी उघडणार नाही.

अण्णा_नाशिक

सफेद्याच्या डबीबद्दल सांगलीकरांशी सहमत, मी ते लिहायला विसरलो. तागाबद्दल मात्र मला वाटतं, १९९४च्या इमारतीत भिंतीत जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाईप असणार. गंजलेल्या, खरबरीत आट्यांवर ताग जितका बसतो तितकी टेप बसत नाही. ताग पाण्याने फुगतो आणि फट भरतो.

हार्डवेअर_सांगली

अण्णा, जीआयला ठीक आहे. पण वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या घरी आता सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाणी सोसणारा प्लास्टिकचा पाईप आहे, त्यांनी तुमचं वाचून ताग भरला तर पंचाईत. सीपीव्हीसीच्या कोपऱ्यात पितळेचा आट्यांचा तुकडा प्लास्टिकमध्ये बसवलेला असतो. ताग फुगला किंवा पान्याने जास्त आवळलं की बाहेरचं प्लास्टिक तडकतं, आणि ते भिंतीच्या आत असल्याने महिन्याभराने ओल आली की कळतं. तिथे फक्त टेप. हाताने बसेल तितकं, मग पान्याने बेताचं.

आणि नवीन पाईप घेणाऱ्यांसाठी सांगतो, सीपीव्हीसी आणि यूपीव्हीसी (थंड पाण्याचा प्लास्टिक पाईप) एकमेकांना जोडायला जाऊ नका. दोन्ही "अर्धा इंची" म्हणतात, पण सीपीव्हीसीचा बाहेरचा व्यास साधारण १६ मिलीमीटर आणि प्लंबिंगच्या यूपीव्हीसीचा २१. चिकटवायचं सोल्युशनही वेगळं. गिझरच्या गरम पाण्याला सीपीव्हीसीच. पाईपवर आयएस १५७७८ छापलंय का ते बघून घ्या.

अण्णा_नाशिक

बरोबर आहे, मान्य. सायलीताई, तुमच्याकडे कुठला पाईप ते नळ काढल्यावरच कळेल. आतून तांबूस गंज दिसला तर जीआय, पितळेची कडी आणि भोवती पिवळट प्लास्टिक दिसलं तर सीपीव्हीसी. टेप दोन्हीकडे चालते, तुम्ही टेपच वापरा.

मुग्धा_व

सिंकचं मी सांगते. आमच्याकडे दर तीन-चार महिन्यांनी हे काम असतंच.

खायचा सोडा आणि व्हिनेगर ओतायचा सल्ला सगळीकडे मिळतो. मी तो वर्षभर करून बघितला. फेस भरपूर येतो, वास जातो, पण पाईपला आतून बसलेला तुपातेलाचा थर तसाच राहतो. खरा उपाय सिंकच्या खालीच आहे. तिथे बाटलीसारखा दिसणारा भाग असतो ना, बॉटल ट्रॅप, त्याचा खालचा पेला हाताने फिरवून सुटतो. खाली बादली ठेवा, जुनं फडकं घ्या आणि फिरवा. माझ्या ट्रॅपमधून पहिल्यांदा निघालं ते असं: भाताची शितं, चहाची पत्ती, कढीपत्त्याच्या काड्या आणि या सगळ्याला धरून ठेवणारा राखाडी, साबणासारखा तुपाचा गोळा. घासणीने आणि भांड्याच्या साबणाने धुवा. पेला परत बसवताना आतली रबरी रिंग जागेवर आहे का बघा, ती वाकडी बसली की थेंब थेंब गळतं. हातानेच आवळा, पाना नको, प्लास्टिकचे आटे आहेत.

ट्रॅप साफ असूनही पाणी तुंबत असेल तर अडथळा पुढे भिंतीच्या पाईपमध्ये आहे. मग रबरी पंप. सिंकच्या वरच्या कडेला ओव्हरफ्लोचं (जास्तीचं पाणी जायचं) भोक असेल तर ते ओल्या फडक्याने दाबून धरा, नाहीतर सगळी हवा तिथून जाते आणि पंप मारून हात दुखण्यापलीकडे काही होत नाही.

उकळतं पाणी ओतू नका, वेस्ट पाईप पीव्हीसीचा असतो, तो मऊ पडतो. हाताला सोसेल त्याहून थोडं गरम चालेल. आणि कळकळीने सांगते, नाल्या साफ करायची पावडर आणि ॲसिड एकत्र कधीही टाकू नका. ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड तर मुळीच नाही, क्लोरीन वायू तयार होतो. आमच्या मावशींनी बाथरूममध्ये ते केलं होतं. दार उघडं राहिलं म्हणून बाहेर येऊ शकल्या.

सायली_कोथरूड

सगळ्यांचे मनापासून आभार. आज दुपारी २ ते ४ गच्चीवरची चावी बंद ठेवायला सेक्रेटरींनी परवानगी दिली होती. खालच्या तिन्ही घरी काल जाऊन सांगून आले.

अण्णा, तुम्ही लिहिलंत तसंच सगळं निघालं. मान सोडवायला जोर लागला, पण कापड गुंडाळून पाना लावल्यावर एकदम "टक्" झालं आणि सैल पडली. वायसरमध्ये गोल खाच होती, इतकी खोल की मागचं पितळ दिसत होतं. नंतर बोट घालून बैठक चाचपली. एका जागी टोचलं. टॉर्चच्या उजेडात बघितलं तर काठावर बारीक चीर, आडवी, नखाने खरडल्यासारखी. वायसरशिवाय पितळावर पितळ आवळत राहिल्याने झाली असणार. तात्पुरता नवा वायसर टाकलाय, थेंब कमी झाला, थांबला नाही.

म्हणजे नळच बदलायचा. नवा आणून ठेवलाय, पाव फेऱ्याचा. रविवारी पुन्हा दुपारची वेळ मिळाली आहे. भिंतीतला पाईप तुटला तर काय, ही एकच भीती आहे.

अण्णा_नाशिक

भीती योग्य आहे, म्हणून सावकाश करायचं.

शनिवारी रात्री नळ आणि भिंतीच्या जोडावर गंज सोडवायचं तेल मारून ठेवा. रविवारी पाईप पाना नळाच्या अंगावर, भिंतीच्या जितका जवळ लावता येईल तितका लावा. हिसका द्यायचा नाही. पान्याच्या टोकाला धरून हळूहळू भार वाढवत जायचा, उलट्या दिशेने. नळ फिरला तर उत्तम. पण नळाबरोबर भिंतीतून करकर आवाज आला, किंवा टाइलच्या कडेचं सिमेंट हललं, तर तिथेच थांबा. आतला कोपरा फिरतोय असा त्याचा अर्थ. मग प्लंबरच, कारण टाइल फोडावी लागेल.

नळ निघाला की भिंतीतले आटे ब्रशने आणि जुन्या दात घासायच्या ब्रशने साफ करा. आता मुख्य गोष्ट. टेप न लावता नवा नळ हाताने बसवून बघा आणि किती फेरे जातो ते मोजा. तोटी बरोबर खाली यायला हवी, हे लक्षात ठेवून. मग काढा आणि टेप लावा. आट्यांचं तोंड आपल्याकडे धरायचं आणि टेप घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, ताणून, १२-१५ वेढे. पहिला आटा मोकळा सोडा, म्हणजे टेपचे तुकडे पाण्यात जात नाहीत. बसवताना तोटी खाली आली की थांबायचं. चुकून पुढे गेली तर मागे फिरवून सरळ करू नका, टेप कापली जाते आणि तिथूनच गळतं. पूर्ण काढा, जुनी टेप खरवडा, थोडी जास्त टेप लावून पुन्हा बसवा. मला स्वतःला अजूनही कधी कधी दोनदा करावं लागतं.

नळ आणि भिंत यांच्यात अंतर पडलं तर एक्स्टेन्शन निपल मिळतो, अर्ध्या इंचापासून.

गच्चीवरची चावी हळू उघडा आणि त्याआधी नळाची जाळी काढून ठेवा. पहिलं पाणी गंज घेऊन येतं. पाव फेऱ्याच्या नळात त्या चकत्यांमध्ये वाळूचा कण अडकला की नवा नळही ठिबकतो.

पिंपळे_सौदागर_२बीएचके

मधेच विचारतो, माफ करा. आमच्या बाथरूमखालच्या घरात छताला ओल आली आहे. मी स्वतः काही तपासू शकतो का?

अण्णा_नाशिक

तपासू शकता, दुरुस्ती नको. दोन दिवस ते बाथरूम अजिबात वापरू नका, पण पाण्याची चावी चालू ठेवा. तरी ओल वाढली तर दाबाखालची, म्हणजे नळांना पाणी आणणारी लाईन गळतेय. वापर थांबवल्यावर ओल सुकायला लागली तर टाइलच्या सांध्यातून किंवा नहाणी ट्रॅपच्या (जमिनीतल्या जाळीखालच्या भागाच्या) भोवतालून पाणी उतरतंय. एवढं सांगितलंत तरी प्लंबर चुकीची भिंत फोडणार नाही. भिंतीतली आणि स्लॅबमधली गळती घरी करायची नाही.

तसंच गिझर. त्याच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब येतो म्हणून लोक तिथे बूच मारतात. तो थेंब म्हणजे वाढलेला दाब बाहेर पडतोय. तिथे बूच मारणं म्हणजे घरात बॉम्ब ठेवणं. गिझरला हात लावायचा तो फक्त त्याचं बटण बंद करायला.

सायली_कोथरूड

नळ बसला.

जुना निघायला वीस मिनिटं लागली. तिसऱ्या प्रयत्नात हलला, भिंतीतून आवाज आला नाही. आत जीआयच आहे, गंजाने भोक करंगळीपेक्षाही बारीक झालंय. आट्यांत जुना ताग होता, पांढऱ्या सफेद्यात चिकटलेला. हा नळ बाबांनीच बसवला होता, २००३ला असेल. ब्रशने तो काढताना हात थोडा थांबला, मग साफ केला.

टेप न लावता चार फेरे गेला. टेप लावून पहिल्यांदा तोटी पुढे गेली. अण्णा, मी मागे फिरवणारच होते, मग तुमचं वाक्य आठवलं. काढला, टेप खरवडली, तीन वेढे जास्त घेतले. दुसऱ्यांदा बरोबर सरळ बसला. जाळी काढून पाणी सोडलं तर पहिला अर्धा मिनिट चहासारखं पाणी आलं.

रात्री खाली तपेलं ठेवलं होतं. आज सकाळी कोरडं होतं. सिंकचा ट्रॅपही काढून धुतला, मुग्धा, तुझ्या वर्णनात मी फक्त एक चमचा मिळवेन, तो चार महिने हरवला होता.

एकच राहिलं. बाथरूममधली न फिरणारी चावी बदलून तिथे बॉल व्हॉल्व्ह (पाव फेऱ्यात बंद होणारी चावी) टाकायचाय, ते प्लंबरकडूनच करून घेते. त्याला सांगायला दोन कामं झाली असती, कारण खालच्या जोशीकाकूंचाही नळ ठिबकतोय. पण त्यांचा वायसर मी बदलणार आहे, शनिवारी दुपारी. त्यांना सांगितलंय, जुना सोबत घेऊन दुकानात जाऊ.

हार्डवेअर_सांगली

काकूंचा वायसर काढलात की आधी बैठक चाचपा. मग दुकानात जा.